पाठमोरा मामा

बाळाला दात येताना खालचे आधी यावेत. वरचे आधी आले तर ते मामाच्या मुळावर येतात. ही आमच्या आष्टीकडची समजूत, आणि तिकडं चकलांब्याकडचीही. बापाच्या नाही, चुलत्याच्या नाही, नेमकं मामाच्याच मुळावर का, हे मी लहानपणी पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं होतं. एकानं उत्तराऐवजी माझ्या टाळक्यात टपली मारली. मी हसत पळालो. तेव्हा मला काय माहीत, की पुढं तो मामा मीच होणार आहे!

माझी आई मी तान्हा असताना गेली. आक्का माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठी, म्हणजे तिचंही खेळायचंच वय. वडील शेतात आणि गाडीवर. मला वाढवलं ते आक्कानं. शेळीचं दूध वातीनं पाजून जगवलं, असं शेजारणी सांगत. माझे दात तर तिच्या बोटावरच आले म्हणायला हरकत नाही. आधी नखं दगडावर घासून गुळगुळीत करायची. मग जुन्या धोतराचा धुवट तुकडा कोमट पाण्यात पिळून बोटाला गुंडाळायची, आणि दूध पिऊन झालं की माझ्या हिरड्या पुसायची. वरची, खालची, मग जीभ. हिरडी सुजली की टाकणखाराची लाही मधात खलून बोटाच्या टोकावर घेऊन हलकेच लावायची. चावायला खारीक द्यायची, पण खारकेला दोरा बांधून दोऱ्याचं दुसरं टोक आपल्या मनगटाला. पोरगं गिळायला लागलं की ओढून घ्यायची! हे सगळं तिला कुणी शिकवलं, तर कुणी नाही. गल्लीतल्या बायांचं बघून, विचारून, शिव्या खाऊन ती शिकली.

एका बाबतीत ती लई कडक होती. मोठी माणसं राखुंडीनं दात घासत, माझ्या तोंडाला मात्र ती राख लागू द्यायची नाही. “कवळी हिरडी सोलवटती,” म्हणायची. वडील एकदा हौसेनं मला राखुंडी लावायला बसले, तर या एवढ्याशा पोरीनं त्यांच्या हातातून मला ओढून नेलं. वडील ही गोष्ट शेवटपर्यंत हसून सांगत.

आक्काचं लग्न चकलांब्याला झालं. आमच्या गावापासून गाडीनं दोन मुक्काम. ती गेली तेव्हा मी इतका रडलो, की वऱ्हाडातली माणसं म्हणाली, या पोराची बहीण चाललीय का आई? दाजी माणूस चांगला, सरळ. सासू तोंडाची फाटकी, पण मनात काही ठेवायची नाही. एकच दुःख होतं, पाळणा हलत नव्हता. वर्षांमागून वर्षं गेली. बायका हळदीकुंकवाला आक्काला मागं बसवायला लागल्या. मी मधूनअधून जायचो तेव्हा ती माझ्या डोक्याला तेल चोपडायची आणि म्हणायची, “मला हाय की लेकरू. ह्यो काय माज्याम्होरं बसलाय.” मला मिशा फुटल्या तरी म्हणायची. मी लाजायचो, चिडायचो, पण खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. तिचं पहिलं लेकरू मीच होतो.

आणि मग, कुणी आशा ठेवली नसताना, ती बाळंत झाली. मुलगा! ज्या आठवड्यात ती बातमी आली त्याच आठवड्यात आमचे वडील गेले. सुतकात मी बारशाला कसा जाणार? बाळंतविडा दुसऱ्याच्या हाती पाठवला. तान्हं घेऊन आक्कालाही वडिलांचं तोंड बघायला येता आलं नाही. माहेर म्हणून आता तिला मीच काय तो एकटा उरलो होतो.

त्या साली पावसानं तोंड फिरवलं होतं. शेतात काही नव्हतं, म्हणून मी गाडी धरली. नगरच्या बाजारातून किराणा आणायचा, आष्टीकडनं गेल्या सालचा कडबा न्यायचा. इंग्रजांचा मुलूख आणि निजामाचा मुलूख यांच्यामध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, तिथं हुज्जत घालायची, की झाला दिवस. श्रावण आला तसं मी ठरवलं, पंचमीला आक्काला आणायला जायचं. भाच्याला अजून बघितलं नव्हतं. लाकडाची रंगीत चोखणी नगरला घेऊन ठेवली होती, म्हणलं हिरड्या शिवशिवत असतील.

तेवढ्यात चकलांब्याचा एक गडी बाजाराला आला. दाजींच्या भावकीतला. माझ्या गाडीपाशी येऊन उभा राहिला आणि माझ्याकडं बघेचना. बैलाशी बोलल्यासारखा बोलला.

“तुमच्या बहिणीनं सांगितलंय, पंचमीला न्यायला येऊ नका.”

“कावून?”

“लेकराला वरचे दात आलेत. दोन. खाली कायबी न्हाई. चांदीची वाटी घेऊन या म्हणली. पण लेकराच्या तोंडाकडं बघायचं न्हाई, पाठ करून बसायचं.”

मी हसलो. मोठ्यानं हसलो. तो हसला नाही. म्हणाला, “मालक, हसण्यावारी नेऊ नका,” आणि निघून गेला.

वाटी मी नगरला सराफ्यात घेतली. येताना नाक्यावरच्या शिपायानं गाडी तपासली. हा मिशीवाला पठाण, सुईसुद्धा फुकट सोडायचा नाही. वाटी उलटीपालटी करून म्हणाला, “ये किसके वास्ते?” मी म्हणलं, भाच्याला वरचे दात आधी आलेत. त्यानं वाटी गपकन माझ्या हातात परत दिली, विटाळ पुसावा तसा हात सदऱ्याला पुसला, आणि म्हणाला, “जाव, जाव.” महसूल मागितला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या वाटीकडं न हसता बघितलं.

चकलांब्याला पोचलो तर दाजी गावाच्या वेशीपाशी वाट बघत उभे. मला मागच्या बोळातनं नेलं. सोप्यात घोंगडी अंथरली होती, भिंतीकडं तोंड करून मला बसवलं. स्वतःच्या बहिणीच्या घरी चोरासारखा! मी म्हणलं, “मावशी, ही काय शिक्षा?” आक्काची सासू मागनं म्हणाली, “गप बस. तुजाच जीव वाचवायला चाललंय. मान वळवलीस तर काठी घालीन.”

मग आतनं पावलं आली. बांगड्या वाजल्या. आक्का माझ्या मागं येऊन बसली. तिचं कापड माझ्या पाठीला लागलं. वेखंडाचा आणि दुधाचा वास आला. सासूनं वाटीत दूध घालून माझ्या हातात दिलं, मी ती तशीच पाठीमागं सरकवली. मागं कुणीतरी एवढंसं माणूस त्या वाटीतलं दूध पिऊ लागलं. चांदीवर दात वाजत होते. मी सांगतो, माझ्या अंगावर काटा आला, पण भीतीनं नाही. हसू येत होतं मला, आणि डोळे भरून येत होते.

पिऊन झालं तसं पोरगं खेळायला लागलं. माझ्या पागोट्याचा शेमला ओढला. कान धरला. मग दोन्ही हातांनी माझ्या खांद्याला लटकलं आणि बाराबंदीवरनं कचकन चावलं. लाळ आत उतरली. मी “आयाया!” केलं, तर ते खिदळलं. आता सांगा, कुठला मामा वळून बघणार नाही? माझी मान आपोआप फिरायला लागली.

आक्का किंचाळली. तसली किंचाळी मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकली नव्हती. पोरगं घाबरून रडायला लागलं. तिनं ते माझ्या पाठीवरनं सोडवलं. त्याची बोटं कापडात अडकली होती, ती तिनं एकेक करून काढली.

मी भिंतीला विचारलं, “आक्का, दिसतंय तरी कुणासारखं गं?”

“तुज्यासारखं,” ती म्हणाली. आवाज ओला होता. “बिल्कुल तुज्यासारखं. खालचे दात येऊ दे, मंग पोटभर बघ.”

मी जेवलो तोही भिंतीकडं तोंड करून. निघताना आक्का एकटीच वेशीपर्यंत आली. बैलांना तिनं भाकरी चारली. मला म्हणाली, विहिरीत उतरू नको, नदीला पाणी असलं तर गाडी घालू नको, डावा बैल बुजरा हाय, त्याला विकून टाक. मी म्हणलं, “आक्का, वाटीचं झालं की. आता कशाची फिकर?”

“झालं खरं,” ती म्हणाली. पण तिचं लक्ष माझ्या बोलण्यात नव्हतं. ती माझ्याकडं नुसती बघत होती, मेलेल्या माणसाकडं बघतात तशी. मला राग आला. मी गाडी हाकलली.

मग मानमोडी आली. तो ताप ज्यांनी बघितला नाही त्यांना काय सांगावं! सकाळी विहिरीवर पाणी भरणारा माणूस दुसऱ्या दिवशी नाही. आमच्या गल्लीत घरंच्या घरं बसली. खांदा द्यायला माणसं मिळेनात, तेव्हा माझ्याच गाडीतनं मी शेजारच्यांना नेलं. परत येऊन बैल सोडले आणि गोठ्यातच पडलो. माझी बायको तेव्हा नुकती नांदायला आलेली, सोळा-सतरा वर्षांची पोर. तिनं मला ओढत घरात नेलं.

त्या तापातलं मला एवढंच आठवतं, की मी भिंतीकडं तोंड करून पडलोय आणि मागनं कुणीतरी खांद्याला लटकलंय. लहान हात. मला वळायचंय. मान वळत नाही. मागनं दात वाजल्याचा आवाज येतोय. बायको सांगायची, मी सारखा म्हणत होतो, “बघू दे की, एकदा बघू दे.” तिला वाटलं मी तिच्या तोंडाकडं बघू म्हणतोय. बिचारी समोर येऊन बसायची.

मी वाचणार नाही, हे गावानं धरूनच ठेवलं होतं. गेवराईकडं निघालेल्या कुणीतरी जाता जाता चकलांब्यात सांगितलं, तुमचा पाव्हणा आजउद्याचा धनी हाय. आक्काच्या कानावर ते गेलं.

मी मात्र वाचलो. गल्लीतली माझ्यापेक्षा दांडगी माणसं गेली आणि मी वाचलो. एका सकाळी अंगाला घाम फुटला, मी बायकोला भाकरी मागितली, आणि ती पोर चुलीपुढं बसून हुंदके देऊन रडली. उठता येईना, बसता येईना, पण जीव राहिला. चकलांब्याला निरोप धाडा, आक्काला सांगा मी बरा हाय, हे मी पहिलं बोललो. त्या दिवसांत निरोप घेऊन जाणार कोण? चारआठ दिवस तसेच गेले. आणि एका दुपारी तोच चकलांब्याचा गडी दारात उभा. मला बसलेला बघून तो दचकला. नंतर खाली बघत म्हणाला, “बहिणीनं बोलावलंय. लेकराचं तोंड उघडंना झालंय.”

मी गाडीत आडवा पडलो. बैल बायकोनं हाकले. रस्त्यानं गावंच्या गावं ओस, कुत्री भुंकायलासुद्धा उठत नव्हती. सिंदफणा नदी कोरडी होती. आम्ही चकलांब्याला पोचलो तेव्हा दाजी दारातच बसले होते. उठले नाहीत. तिथंच मला त्यांनी सांगितलं.

माझ्या तापाची बातमी आली तशी आक्का सुईणीकडं धावली. वाटी लागू पडली नाही, आता ते दात काढ म्हणाली. सुईण म्हणाली, अगं येडे, दुधाचे दात घट्ट असत्यात, मी न्हाई हात लावायची. सासूनं पाय आपटले, माझ्या नातवाला हात लावशील तर घरात घेणार नाही म्हणाली. दाजींनी समजावलं. ती गप्प बसली. सगळ्यांना वाटलं, ऐकलं. आमच्याकडं शेतकऱ्याच्या करगोट्याला काटे काढायचा चिमटा असतो. दाजी तो खुंटीला अडकवून आंघोळीला बसले तेव्हा तिनं तो सोडून घेतला. सासू परसात होती. आक्कानं एकटीनंच लेकराला मांडीत दाबून धरलं.

“रक्त थांबंना,” दाजी म्हणाले. “मंग चुलीतली राख भरली.”

“राख?” मी म्हणलं. “आक्कानं?”

“आक्कानं.”

जिनं माझ्या तोंडाला राखुंडीचं बोट लागू दिलं नव्हतं, तिनं. तिला सगळं माहीत होतं. हिरडी कशी असते, किती कोवळी असते, तिला काय चालतं, काय चालत नाही, हे त्या गावात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ती अडाणीपणानं वागली असती तर मी आज एवढा जळलो नसतो. ती घाबरली होती, एवढंच. घाबरलेल्या माणसाचं सगळं शहाणपण कुठं जातं, मला कळत नाही.

पहिले काही दिवस पोरगं खेळलं म्हणे. दूध प्यायलं, रांगायला बघितलं. नंतर एक दिवस दूध ओढेना. तोंडात बोट घालायला गेले तर जबडा घट्ट. गेवराईहून हकीम आला, त्यानं नुसतं बघितलं, खोलीत अंधार करा, भांडं वाजवू नका म्हणाला, आणि पैसे न घेता गेला.

मी आत गेलो. दारातच थांबलो, आपसूक पाठ फिरवली.

“ये की,” आक्का म्हणाली. “आता बघ. आता चालतंय.”

मी वळलो. भाच्याचं तोंड मी पहिल्यांदा बघितलं ते असं. पोरगं हसत होतं. ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले, कपाळ वर चढलेलं, डोळे बारीक. माझा जीव भांड्यात पडला, मी म्हणलं, हसतंय की! आणि पुढच्या घटकेला मला कळलं की हे हसणं नव्हे. बाहेर कुणाची तरी चप्पल वाजली, तेवढ्यानं ते एवढंसं अंग धनुष्यासारखं ताणलं, आणि तोंड मात्र तसंच हसरं. वरच्या हिरडीत काळं होतं. आणि खालच्या हिरडीतनं, त्या ताणलेल्या ओठांमुळं मला स्पष्ट दिसलं, पांढरी रेघ वर आली होती. खालचे दात येत होते.

आक्कानंही ते बघितलं असणार. दुधाची वात ती त्याच्या ओठांवर टेकवत होती, दूध गालावरनं ओघळत होतं, ती पुसत होती. माझ्या गळ्याला, कपाळाला तिनं उलटा हात लावून बघितला. “ताप उतरला तुजा,” म्हणाली. मला तिथनं पळून जावंसं वाटलं. तसं वाटणं चूक की बरोबर, मला ठाऊक नाही. मी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर असताना ते गेलं. दाजींनी हातावर नेलं, मी मागनं चाललो. एवढा खड्डा खणायला किती वेळ लागणार!

पुढच्या वर्षीच्या दिवाळीला आक्का आमच्याकडं आली. भाऊबीजेला मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, तबक फिरवलं. माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. अंग भरलं होतं माझं, तब्येत पहिल्यासारखी झाली होती. तिचं तोंड खुललं. खरंच खुललं, मी खोटं सांगत नाही. म्हणाली, “आता कशाचं भ्या न्हाई रं भावड्या.”

मला तिचा असा राग आला, की ते तबक उडवून द्यावं. आणि त्याच वेळी तिच्या पायांवर डोकं ठेवावं असंही वाटलं. यातलं काहीच केलं नाही. करंजी खाल्ली. तिनं अजून एक वाढली.

लोक म्हणतात, मी नशीबवान. मानमोडीतनं वाचलो, लई जगलो. असं कुणी म्हणलं की माझं टाळकं सरकतं. मी ही समजूत मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो, आज तर बिल्कुल नाही. चिमट्यानं दात काढून कुठल्या मामाचा ताप उतरत नसतो. हे मी शंभर जणांना ठणकावून सांगितलंय. पण माझा ताप कोणत्या दिवशी उतरला आणि तिनं चिमटा कोणत्या दिवशी सोडून घेतला, हे दिवस मी कधी जुळवून बघितले नाहीत. दाजींना विचारता आलं असतं. बायकोला विचारता आलं असतं. मी मुद्दामच विचारलं नाही, आणि आता सांगायला कुणी उरलं नाही.

भिंतीकडं तोंड करून मला अजून बसता येत नाही. देवळात बसलो तर खांबाला पाठ लावून बसतो. उघड्या पाठीला मागनं काहीतरी लागतं. कापूस लागावा तसं हलकं. कधी ओलं असतं. घरचे म्हणतात म्हाताऱ्याला वारं लागतं, आणि घोंगडी टाकतात.

आक्काला पुन्हा मूल झालं नाही. तिनं ते दुःख बोलून दाखवलं नाही, आणि त्या चिमट्याचंही नाव कधी काढलं नाही. मला वाटायचं, विसरली असेल. किंवा तिच्या लेखी तो विषय संपला असेल.

मग मला मुलगी झाली. तिच्या हिरड्या सुजल्या, पोर रात्रंदिवस किरकिर करायला लागली, हाताला येईल ते चावायला लागली. आक्का त्या दिवसांत आमच्याकडंच आलती. सकाळी ओसरीवर ऊन आलं तशी ती हात धुऊन बसली. नखं दगडावर घासली. धुवट फडकं पाण्यात पिळून बोटाला गुंडाळलं. किती वर्षांनी, पण हात तसाच चालत होता, एकही वेढा सैल नाही. मधाची वाटी शेजारी. म्हणाली, “आण गं तिला. बगू काय म्हणत्यात हिरड्या.”

बायकोनं पोर तिच्या मांडीवर दिली. पोरीनं आपणहून तोंड उघडलं. आक्का वाकली, बोट ओठांपाशी नेलं.

आणि माझ्या बायकोनं झडप घालून पोर उचलली. “झोपायची वेळ झाली तिची,” म्हणाली. पोर टक्क जागी, हातपाय नाचवत होती. बायको तिला छातीशी धरून आत गेली आणि आतनं कडी घातल्याचा आवाज आला.

मी जमिनीकडं बघत बसलो. बायकोवर ओरडावं असं मनात आलं, आणि तिनं उचललं नसतं तर मीच उचललं असतं हेही मनात आलं. बोटावरचं फडकं आक्कानं सावकाश उलगडलं, झटकलं, मांडीवर पसरून त्याची घडी घातली. मग आतल्या दाराकडं बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली,

“रागावू नको तिला. मला एकच लेकरू असतं, तर मी बी असंच उचलून आत नेलं असतं.”